घर ते मांगर : पस्तीस मीटरचा प्रवास

दक्षिण कोकणात राहत्या घरापासून थोडे बाजूला आणखी एक बांधकाम असते. त्याला मांगर म्हणतात. भाताची गवते, नारळ, शेतीची अवजारे, जळाऊ लाकडे असे सगळे तेथे राहते. आमच्या मांगरात मात्र २०२२ सालापासून वाडीतली दहावी-बारावीची मुले संध्याकाळी अभ्यासाला बसतात. त्यांच्या घरी जागा अपुरी, आणि जेथे जागा आहे तेथे दूरदर्शनसंच चालू. मांगरात शांतता होती, दिवा होता, पंखा होता. इंटरनेट तेवढे नव्हते.

ते नसल्याची खरी किंमत एका शेवटच्या तारखेला कळली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या एका मुलीला मांगरात अर्जाचे पान नीट दिसत होते, सूचना वाचता येत होत्या. परंतु स्वतःचा फोटो आणि उत्पन्नाचा दाखला पाठवताना काम तीनदा अडकले. शेवटी ती फोन घेऊन धावत आमच्या ओटीवर आली आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही कागद गेले. ओटीपासून मांगरापर्यंतचे अंतर पस्तीस मीटर भरते. पान उतरून घेता येते, पण फोटो चढवता येत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने सोडून द्यावा असा नाही. शाळेची प्रयोगशाळा मुख्य इमारतीपासून वेगळी असेल, घरामागे गोठा किंवा कारखान्याची खोली असेल, तर तेथेही हाच प्रश्न येतो.

प्रथम हिशेब करू. घरातला राउटर साधारणपणे १०० मिलिवॅट शक्तीच्या रेडिओलहरी बाहेर टाकतो. या लहरींची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ धरली, तर तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर येते. लहरी चहूकडे पसरतात, म्हणून अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई उरते. हा आपला ओळखीचा वर्गव्यस्ताचा नियम. पण शक्तीचे हे आकडे इतके झपाट्याने लहान होतात की ते लिहिताना शून्ये मोजण्यातच वेळ जातो. म्हणून अभियंते लघुगणकाची पट्टी वापरतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम. शक्ती दहापट झाली की आकड्यात १० मिळवायचे, दहावा हिस्सा झाली की १० वजा करायचे. ही दहाची पायरी म्हणजेच १० डेसिबल. या पट्टीने १०० मिलिवॅट म्हणजे +२०.

राउटरपासून एक मीटरवर साध्या अँटेनाला यातले सुमारे −२० मिळते. म्हणजे पहिल्या मीटरमध्येच ४० डेसिबल गेले! पण पुढे मात्र अंतराची भूक मंदावते. दहा मीटरवर −४०, पस्तीस मीटरवर −५१. फोनला चलच्चित्र सुखाने पाहायला −६५ ते −७० पुरते. तेव्हा मध्ये काही नसेल, तर पस्तीस मीटर हे अंतर वायफायला मुळीच जड नाही. आमच्या खळ्यात उभे राहून पाहिले तर फोन खरोखरच −५०च्या आसपासचा आकडा दाखवत होता. मांगराचे दार ओलांडून आत गेले की −८०.

ही −८० डीबीएम शक्ती किती? एका वॅटचे दहा हजार कोटी भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतकी. तेवढ्यातूनही फोन काहीबाही वाचू शकतो, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे. त्याच्या खाली पंधरा-एक डेसिबलवर विद्युत्‌मंडलांचा स्वतःचा गोंगाट सुरू होतो आणि त्यात सगळेच बुडते.

खळ्यात −५० आणि मांगरात −८०. मग मधले तीस डेसिबल कोणी खाल्ले? अंतराने नव्हे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन भिंतींनी. एक घराची, एक मांगराची. आमच्या मोजणीत एकेका भिंतीने तेरा-चौदा डेसिबल, म्हणजे आलेल्या शक्तीपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक, अडवून धरली. विटांची पातळ भिंत याहून कमी अडवते, सळ्यांच्या जाळ्याचे काँक्रीट तेवढेच किंवा जास्त. पत्र्याच्या भिंतीचा विषयच नको. धातूच्या पत्र्यावरून लहरी आरशासारख्या परततात.

जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि जुलैत त्याच भिंती आणखी चार-पाच डेसिबल जास्त घेतात. लोक म्हणतात, ‘पाऊस आला की नेट जाते.’ पडणाऱ्या पावसाचा मात्र यात काही दोष नाही. या वारंवारतेच्या लहरी धो धो पावसातून किलोमीटरभर गेल्या तरी एक डेसिबलही गमावत नाहीत. दोष असतो भिजलेल्या भिंतीचा आणि वाटेतल्या भिजलेल्या पानांचा. पाण्याचे रेणू या लहरींमधली ऊर्जा शोषतात, मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते तेही यामुळेच. (त्या भट्टीची २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची ‘स्वतःची’ वारंवारता आहे असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. ते चूक आहे. साध्या तापमानाला पाण्याचे सर्वांत जोरदार शोषण २० गिगाहर्ट्झच्या आसपास असते.)

आता त्या फोटोकडे वळू. संभाषण दोन बाजूंनी चालते. राउटर बोलतो, फोन ऐकतो. मग फोन बोलतो, राउटर ऐकतो. राउटर भिंतीवरच्या विजेवर चालतो, फोनला मात्र बॅटरी पुरवून वापरायची असते. त्याचा आवाज राउटरच्या एक तृतीयांश, कधी त्याहूनही बारीक. राउटरचे बोलणे मांगरात कसेबसे पोचत होते, पण मांगरातल्या फोनचे बोलणे घरात पोचेपर्यंत गोंगाटाच्या सीमेवर येत होते. म्हणून पान दिसत होते आणि फोटो जात नव्हता.

यावरून एक गोष्ट आपोआप ध्यानात येते. आम्ही प्रथम दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने सहा अँटेनांचा दणकट राउटर पुढे केला. तो आणला. मांगरात फोनवरच्या दांड्या वाढल्या, सगळे खूष झाले, आणि कागद पाठवायची वेळ आली तेव्हा गाडी पुन्हा अडली. फोनवरच्या दांड्या फोनला किती ऐकू येते ते सांगतात. राउटरला फोनचे किती ऐकू येते ते त्या सांगत नाहीत. डोंगरावरच्या माणसाने कर्णा लावून हाक मारली, म्हणून दरीतल्या माणसाचा आवाज वाढत नाही. शिवाय कर्णा किती मोठा असावा यालाही कायदा आहे. भारतात २००५ साली २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरायला खुला झाला, तो शक्तीची मर्यादा घालूनच.

मग करावे काय? पहिला उपाय फुकटचा आहे : वाटेतली एक भिंत काढून टाकावी. भिंत पाडायची नाही. राउटर माजघरातून उचलून मांगराच्या दिशेच्या खिडकीत ठेवायचा. काचेची किंवा लाकडी झडपांची खिडकी दोन-तीन डेसिबलवर भागवते. हा बदल दोन्ही दिशांना सारखाच उपयोगी पडतो, कारण वाट मोकळी झाली की जाणाऱ्यालाही सोपी आणि येणाऱ्यालाही.

आम्ही तसे केले आणि आकडा जागचा हलेना! दोन दिवस डोके खाजवल्यावर उत्तर खिडकीतच सापडले. डास येऊ नयेत म्हणून तिला ॲल्युमिनियमची बारीक जाळी लावलेली होती. जाळीची भोके मिलिमीटरभराची, तरंगलांबी सव्वाशे मिलिमीटरची. भोके तरंगलांबीच्या मानाने इतकी लहान असली की लहरींच्या दृष्टीने जाळी आणि पत्रा यांत फारसा फरक उरत नाही. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारातून आतला पदार्थ दिसतो पण लहरी बाहेर येत नाहीत, ती करामत अशाच जाळीची. प्रकाशाची तरंगलांबी भोकांपेक्षा हजारपटीने लहान, म्हणून तो सहज निसटतो. ॲल्युमिनियमची जाळी काढून नायलॉनची लावली. मांगरातला आकडा −८० वरून −६९ वर आला. खर्च, दोन मीटर जाळीचा.

वर्गासाठी येथे एक चांगला प्रयोग आहे. लहरींची शक्ती डीबीएममध्ये दाखवणारी साधने फोनवर फुकट मिळतात. मैदानाकडे तोंड करून राउटर ठेवावा आणि मुलांनी २, ४, ८, १६, ३२ मीटरवर आकडे घ्यावेत. दर दुपटीला सुमारे ६ डेसिबल उतरले पाहिजेत. पण आकडा क्षणोक्षणी नाचतो, एका पावलात पाच-सात डेसिबल इकडेतिकडे होतात. याचे कारण, लहर थेट येते तशीच जमिनीवरून, भिंतीवरून परतूनही येते. दोन्ही एकत्र आल्या की कोठे शिखरावर शिखर, कोठे शिखरावर दरी. सहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, फोन सरकवला तरी चित्र पालटू शकते. म्हणून प्रत्येक अंतरावर हात थोडा हलवून दहा आकडे घ्यावेत आणि सरासरी काढावी. मग राउटर आणि फोन यांच्यामध्ये पाळीपाळीने लाकडी फळी, ओले गोणपाट, पत्र्याचा तुकडा आणि एखादा धष्टपुष्ट विद्यार्थी उभा करून पाहावा. विद्यार्थी ओल्या गोणपाटाच्या पंगतीत बसतो, कारण त्याच्यातही पाणीच जास्त.

भिंतीपलीकडे लहरी पोचवण्याचा खेळ आपल्या देशाला नवा नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये रेडिओलहरी भिंतींतून पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. वायफाय हा शब्द जन्मायला तेव्हा शंभर वर्षे अवकाश होता.

खिडकीच्या उपायाने एक-दोन मुलांचे काम भागले. आठ मुले एकदम बसली आणि पावसाळा लागला की पुन्हा रखडपट्टी. तेव्हा ‘रिपीटर’ आणावा असे सर्वांनी सुचवले. हा भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा छोटा निरोप्या. एका बाजूचे ऐकतो आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा मोठ्याने सांगतो. यात लोक एक चूक हमखास करतात. जेथे ऐकू येत नाही, तेथेच त्याला बसवतात. ज्याला स्वतःलाच अर्धे ऐकू आले, तो पुढे काय सांगणार? त्याची जागा मधल्या वाटेवर, जेथे आवाज अजून खणखणीत आहे तेथे असते. आमच्या खळ्याच्या मध्यभागी वीज नाही आणि छप्परही नाही, तेव्हा तो प्रश्न मिटलाच. शिवाय साध्या रिपीटरला एकाच वाहिनीवर आळीपाळीने ऐकावे आणि बोलावे लागते, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घाईच्या वेळी चालेल. कायमचा उपाय म्हणून मला तो पटत नाही.

तार हा जुना आणि सरळ उपाय. संगणकांच्या जोडणीची तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त काम देते, आमचे अंतर तर पस्तीस. २०२३ च्या उन्हाळ्यात घरापासून मांगरापर्यंत तार ओढली, मांगरात दुसरा राउटर बसवला, आणि सगळे इतके छान चालू लागले की पाच महिने त्याकडे कोणी पाहिलेही नाही.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात शेजारच्या माडावर वीज पडली. वीज गेलेली होती म्हणून मुले त्या दिवशी लवकर घरी गेली होती. आमच्या घरावर वीज पडली नव्हती, मांगरावरही नाही. तरी तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रे जळली आणि मांगरातल्या टेबलावर, जेथे एक मुलगा रोज वही ठेवतो तेथे, काळा डाग पडला. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घातले, आणि ही तार मी माझ्या हातांनी ओढली होती.

काय घडले असेल? जमिनीचे विभव सगळीकडे शून्य, असे आपण फळ्यावर लिहितो. वीज पडते त्या क्षणी ते खरे राहत नाही. विजेच्या एका आघातात तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत शिरतो आणि चहूकडे पसरतो. जमिनीला रोध आहे, कातळाच्या जमिनीला तर फारच. ओहमचा नियम लावून पाहा : दोन ठिकाणांच्या मधला परिणामी रोध अर्धा ओहम धरला तरी त्यांच्या विभवांत पंधरा हजार व्होल्टचा फरक पडतो. हा फरक काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढा वेळ पुरतो. घराचे अर्थिंग एका ठिकाणी, मांगराचे पस्तीस मीटरवर दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोहोंना जोडणारी तांब्याची तार आम्हीच आयती दिलेली. त्या यंत्रांच्या तोंडाशी विद्युत्‌रोधक रोहित्रे असतात, ती १५०० व्होल्टपर्यंत तग धरतील अशी बनवलेली असतात. पंधरा हजारांपुढे त्यांचे काय चालणार?

म्हणून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जमिनीखालून नेली तरी नाही, कारण विभवांतर तेथेच तर निर्माण होते. विद्युत्‌संरक्षक उपकरणे मिळतात, पण ती योग्य अर्थिंगशिवाय निरुपयोगी, आणि आपल्याकडची अर्थिंगे कशी असतात हे वेगळे सांगायला नको.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, समोरासमोर पाहणाऱ्या दिशादर्शी अँटेनांची जोडी. एक घराच्या बाहेरच्या भिंतीवर वळचणीखाली, एक मांगराच्या. या अँटेना शक्ती वाढवत नाहीत. बॅटरीमागची वाटी जशी प्रकाश एका दिशेला गोळा करते, तशा त्या आहे तीच शक्ती एका झोतात आणतात, आणि ऐकतानाही त्याच दिशेला कान लावतात. म्हणजे बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारते. दोन्ही भिंती हिशेबातून जातात. मध्ये दुसऱ्याची जमीन, रस्ता किंवा ओढा असेल तर हाच उपाय. फक्त नजरेची रेषा मोकळी दिसली म्हणजे झाले असे समजू नये. लहरींना त्या रेषेभोवती लांबोळ्या काकडीच्या आकाराची जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पस्तीस मीटर अंतराला, ५.५ गिगाहर्ट्झवर, मधोमध तिची त्रिज्या सुमारे सत्तर सेंटिमीटर भरते. मे महिन्यात बसवलेली जोडी ऑगस्टात केळीच्या पानांमागे जाते आणि घरमालक कंपनीला शिव्या देतो.

आम्ही दुसरा मार्ग घेतला, काचेचा. प्रकाशतंतू काचेचा असतो, वीज वाहून नेत नाही. विभवांतर पंधरा हजार असो की पन्नास हजार, त्याला सोयरसुतक नाही. त्याचा गाभा ९ मायक्रोमीटर जाडीचा, भोवतीचे आवरण १२५ मायक्रोमीटरचे, आणि गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित, हजारात चार-पाच इतकाच, जास्त. पाठ्यपुस्तकातले पूर्ण आंतरिक परावर्तन तेवढ्यावर भागते. १३१० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश अशा तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबलच गमावतो. म्हणजे आमच्या जांभ्याची एक भिंत जेवढे खाते, तेवढे खायला या तंतूला सदतीस किलोमीटर लागतील!

गावात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्याकडेच असा तंतू आणि तो सांधण्याचे यंत्र होते. दोन टोकांना विजेचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या दोन लहान पेट्या लागतात. हवेतून ओढलेल्या केबलीला आमच्याकडे माकडे लोंबकळतात, म्हणून फूटभर खोल चर खणून ती प्लास्टिकच्या नळीतून नेली. वळणे वाटीच्या काठापेक्षा घट्ट घेऊ नयेत. कोन बदलला की परावर्तन ‘पूर्ण’ राहत नाही आणि प्रकाश आवरणातून गळतो.

एका बाबतीत थोडक्यात बचावलो. केबल पुरण्यापूर्वी मी तिचे टोक सोलून पाहिले, तर काचेच्या तंतूशेजारी बळकटीसाठी घातलेली पोलादी तार निघाली. घराघरांत येणाऱ्या पुष्कळ केबलींत ती असते. ती तशीच राहिली असती, तर तांबे जाऊन लोखंड आले असते, एवढेच. बळकटीला धातूऐवजी धागे असलेली केबल मागवायला आठ दिवस गेले. मांगराचा वीजपुरवठा मात्र अजून घरातूनच जातो आणि त्या वाटेने धोका येऊ शकतो. त्यामुळे पहिला गडगडाट ऐकू आला की मुले प्लग काढतात आणि मांगर सोडून घरात येतात.

पेट्या जोडण्याआधी तंत्रज्ञाने घराकडच्या टोकाला लाल प्रकाशाचे पेन लावले. मुले मांगरात जमली होती. केबलीच्या उघड्या टोकापुढे वहीचा पांढरा कागद धरला, त्यावर लाल ठिपका उमटला. टोकाकडे सरळ डोळे लावून मात्र कधीही पाहू देऊ नये, आणि पेट्या जोडल्यावर तर मुळीच नाही. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही.